वडिलांना डॉल्बी नको, क्लॅरनेट हवाय. सांगली-मिरजेकडे अजून कोण वाजवतं?

पुण्यातला_सांगलीकर

मंडळी, जरा मदत हवी आहे.

दिवाळीनंतर वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय. गाव पलूसच्या अलीकडे, घर जुनं, पुढं ऐसपैस अंगण. मी पुण्यात, धाकटा भाऊ गावी. त्याने मांडव, आचारी, फोटोवाला सगळं ठरवून टाकलं आणि 'साउंड'पण सांगून ठेवला. साउंड म्हणजे काय ते इथं कुणाला समजावून सांगायला नको.

परवा फोनवर वडिलांना सहज विचारलं, दादा, तुम्हाला काय पाहिजे? बराच वेळ काही बोलेनात. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "आमच्या वरातीत एक क्लॅरनेटवाला होता बघ."

वरात १९७० ची. आईला विचारलं, तर तिलाही तो आठवतो. म्हणजे ऐकलेला आठवतो, कारण नवरीची मान खाली. ती म्हणते, मारुतीच्या देवळापाशी वरात तासभर हललीच नाही. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या माणसांनी शेवटी बत्त्या खाली ठेवल्या आणि तीपण ऐकत बसली. घोडा तेवढा कंटाळला.

तर, असं वाजवणारं आपल्या भागात आता कुणी आहे का? कसं बोलवायचं, काय द्यायचं, कार्यक्रम कसा ठेवायचा? यातलं मला काहीही कळत नाही.

आणि जाता जाता, तुमच्या गावात-गल्लीत असा कुणी होता किंवा आहे का, ज्याला बाहेर कुणी ओळखत नाही पण तो वाजवायला बसला की गाव गोळा व्हायचं? त्याच्याबद्दलही लिहा. नावं नकोत, साधी माणसं आहेत. गाव नि वाद्य पुरे.

फुकट_सल्लागार

आधी तारीख नीट काढा. बरेच लोक ८० पूर्ण झाली की उरकून टाकतात. हजार पौर्णिमा म्हणजे २९.५३ गुणिले हजार, साधारण २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं १० महिने. आधीच केलंत तर वडिलांच्या हिशेबात दहाएक चंद्र कमी भरतील.

क्लॅरनेटबद्दल मला माहिती नाही.

आत्याबाई

@फुकट_सल्लागार, मग लिहिलंत कशाला? :)

फुकट_सल्लागार

सवय.

भडंगवाला

सांगलीकर, चांगला विषय काढलात.

आमच्या गावभागात एक बँडमास्तर होते. होते म्हणजे आहेत, पण वाजवत नाहीत. दिवसा शिलाई मशीन, लग्नसराईत क्लॅरनेट. आम्ही पोरं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. चड्डीला काजं करता करता तोंडाने सूर चालू, पायाखाली पायडलचा ठेका. शिवणकाम यथातथाच होतं. माझ्या शाळेच्या शर्टाचा एक खांदा कायम वर असायचा.

पण वरातीत बघायचं त्यांना. दुसऱ्या बँडवाल्यांना धीर नसायचा, एक गाणं संपलं की लगेच दुसरं. मास्तर मध्ये थांबायचे. तोंडातला पीस काढून रीड (फुंकायची पातळ पत्ती) सोडवायची, जिभेवर धरून ओली करायची, डोळ्यासमोर धरून बत्तीच्या उजेडात बघायची, परत बांधायची. नवऱ्या मुलाचे मामा घड्याळ बघतायत, पोरं 'वाजवा की मास्तर' म्हणून ओरडतायत, यांना काही नाही. मग नुसता एक सूर. लांब. ढोलवाला टिपरू काखेत मारून उभा, बाकी सगळे गप. त्या एका सुरावर वरच्या माडीच्या खिडक्या उघडायच्या. गाणं कुठलं ते नंतर कळायचं.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांची खोली माळ्यापर्यंत बुडाली. मशीन वाचलं. पितळेची वाद्यं चिखलातून काढून धुऊन घेतली, ढोलांची पानं फुगून फाटली. क्लॅरनेट लाकडी, तो वाळताना उभा तडकला. मी म्हटलं, मास्तर, दुसरा बघू. म्हणाले, "वाद्य मिळंल रे. दात कुठनं आणू?"

त्यांचा एक शागीर्द आहे. चौकशी करून विपू (खासगी निरोप) करतो.

पुण्यातला_सांगलीकर

भडंगवाला, फार आभार. विपूची वाट बघतोय.

मिरज_जंक्शन

सांगलीकरांनी मिरजेला विसरून धागा काढला, हे रीतीला धरूनच झालं.

थोडं विषयाला सोडून आहे, पण 'गावातला वाजवणारा' म्हटलं की आमच्याकडे पंचाईत होते. इथं वाजवणाऱ्यापेक्षा वाद्य करणाराच मोठा. सतारमेकर गल्लीतली मूळ घराणी शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावणारे हात. संस्थानी काळात शस्त्रांचं काम आटलं, तेव्हा हेच हात सतार-तंबोऱ्याकडं वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आला, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी परत रंधा.

मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते चाचा स्वतः कधी मैफलीत बसले नाहीत. पण जव्हारी (तारेचा झंकार खुलवणारी घोडीची घडण) लावायला त्यांच्याकडे लांबनं लोक यायचे. घोडीच्या पाठीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवायची. परत दोनदा कानस. तास गेला, दीड तास गेला. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर इकडं, केसभर तिकडं, आणि एका जागी तंबोरा एकदम उघडतो. तोवर नुसती तार वाजत असते, त्या क्षणाला खोली वाजायला लागते. चाचा तेव्हा हमखास चहा मागवायचे. माझ्या लेखी तीच मैफल, आणि तिकीट फुकट.

दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणं असतं, ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी एकदा तरी यावं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथलेच झाले. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना, सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनावर वारले, पण दफन मिरजेत, याच दर्ग्यात. म्हणून मोठमोठे गवई इथं बिदागीची घासाघीस न करता हजेरी लावून जातात. ऐकायला कोण? हमाल, फळवाले, दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक. आमच्या मिरजेत निम्मं पब्लिक दवाखान्यासाठी येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. विष्णू दिगंबर पलुस्करही डोळ्यांच्या उपचारासाठीच आले होते. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले. उपचार राहिले बाजूला, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकून गेले.

वारणाकाठ

खाँसाहेबांनी म्हणे कुत्र्यालाही सुरात गायला शिकवलं होतं. आमच्या गल्लीतली कुत्री बहुतेक डॉल्बी घराण्याची.

कंदी_पेढा

साताऱ्याची बाजू मांडतो. औंधला गेलाय का कुणी? यमाईच्या डोंगराखालचं औंध. अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव आहे. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला. गजाननबुवा म्हणजे गळाही आणि व्हायोलिनही, दोन्हींत दादा माणूस.

मी पहिल्यांदा गेलो तो मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लक्षात काय राहिलं, तर पुढं बसलेला एक म्हातारा शेतकरी. धोतर गुडघ्यापर्यंत, पायाला वाळलेला चिखल तसाच. दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी पाजून, थेट आलेला असणार. गवई समेवर आला की हा मांडीवर थाप मारत नव्हता, फक्त पायाचा अंगठा हलवायचा. आणि अंगठा कधी चुकला नाही. मामा म्हणाला, तिकडं स्टेजकडं बघू नको, ह्या अंगठ्याकडं बघ.

ताल मी त्या अंगठ्यावरनं शिकलो. आता तबलजी आहे. छोटा-मोठा. लोकल. :)

डेसिबल

सगळ्यांचं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका, पण दर वर्षी गणपती झाले की असला एक धागा येतो. जुनं ते सोनं, डॉल्बी वाईट, पोरं बिघडली.

मी बेंजो वाजवतो. आष्ट्याच्या बाजूला आमची पार्टी आहे, नऊ जण. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असतात ते वाद्य. मूळ बुलबुलतरंग, त्याला पिकअप बसवून वाढवलेलं. एका हाताने बटणं, दुसऱ्या हाताने तारा. लोकांना वाटतं गाणी फोनवरनं लावतो. तसं नाही. नवीन गाणं आलं की रात्री बसून कानाने काढायचं. नोटेशन कुणाला येत नाही, मलापण नाही. मिरवणुकीत चालत्या ट्रॉलीवर, जनरेटरच्या धुरात, सहा तास. सहाव्या तासाला बोटाच्या पेरातनं रक्त येतं, चिकटपट्टी लावून वाजवतो.

आम्ही लोकल कलाकार नाही का? का आम्ही मेल्यावर चाळीस वर्षांनी कुणीतरी धागा काढणार, 'आमच्या वरातीत एक बेंजोवाला होता बघ'?

आत्याबाई

@डेसिबल, शेवटच्या वाक्याला टाळ्या. पण भाऊ, आवाज कमी ठेवायला काय घेता? २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहानंतर बंद. मागच्या वर्षी मिरवणुकीत आमच्या कपाटातली काचेची भांडी स्वतःहून पुढं चालत आली.

डेसिबल

ताई, ५५ मध्ये तर आमचा जनरेटरपण बसत नाही. :D आणि आवाज आम्ही ठरवत नाही, मंडळ ठरवतं. शेजारच्या मंडळापेक्षा जास्त पाहिजे, एवढीच फर्माईश. कसं वाजवलं हे आजवर एकानेही विचारलं नाही. किती टॉप, किती बेस, एवढंच.

कंदी_पेढा

हे मात्र खरंय. मलाही कार्यक्रमानंतर पहिला प्रश्न 'तबला केवढ्याला पडला?'

कृष्णाकाठची

आमच्या गावातल्या पेटीमास्तरांबद्दल लिहिते. प्राथमिक शाळेत शिक्षक, संध्याकाळी भजनी मंडळ. आकाशवाणी सांगलीला ऑडिशन देऊन 'बी' ग्रेड मिळवलेली. आख्ख्या पंचक्रोशीत ते 'रेडिओवाले गुरुजी'. त्यांचं प्रसारण असलं की आमच्या घरी रेडिओ खिडकीत ठेवायचे, तोंड रस्त्याकडे करून. आकाशवाणीवर एके काळी पेटीला बंदी होती, १९४० पासून तीसेक वर्षं, हे मला गुरुजींनीच सांगितलं. सांगताना असं सांगायचे, जणू बंदी त्यांच्यावरच होती.

बायकांचं भजनी मंडळ त्यांनी सुरू केलं तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. माझी सासू त्यात पहिली. सासऱ्यांनी हरकत घेतली तर म्हणाली, तुम्ही पारावर पत्ते कुटता तेव्हा मी विचारते का?

एक प्रसंग सांगते. हरिनाम सप्ताह, रात्रीचा जागर, आणि ऐन गवळणीत लाईट गेली. माईक बंद, मांडवात मिट्ट काळोख, चार-पाचशे माणूस. लाईट असताना मागच्या बाजूला गप्पा चालू होत्या, पोरं पळत होती. अंधार झाल्यावर सगळं थांबलं. गुरुजींनी पेटी सोडली नाही. हळू वाजवायला लागले, भाता पण अलगद, त्याचा श्वास घेतल्यासारखा आवाज ऐकू यायचा. सासूबाई बिनमाईकच्या म्हणत होत्या. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनेसुद्धा ओळ अन् ओळ उचलली. पाऊण तासाने लाईट आली आणि माईक कुंईऽऽ करून ओरडला. गुरुजींनी पहिल्यांदा हात लांब करून माईकची वायर उपटली.

तेव्हा सांगलीकर, अंगण किती मोठं आहे? दोनशे माणसांना क्लॅरनेटला माईक लागत नाही.

वारणाकाठ

वायर उपटली, हे एक नंबर. गुरुजी नाद खुळा.

आमच्याकडे ढोलकी. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा जत्रेला यायचा. दोघं जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. कोण काळू नि कोण बाळू यावर आमच्या वडिलांच्या पिढीने पैजा लावल्या. पण माझे चुलते त्या दोघांकडं बघायला जायचेच नाहीत, ढोलकीवाल्याच्या बाजूला जागा धरायला दुपारीच घोंगडं टाकून यायचे. म्हणायचे, हसायचं काय, कुठंबी हसता येतंय.

हलगीवाल्याचा_नातू

दोन दिवस वाचतोय. चांगलं चाललंय, मोडता घालायचा नव्हता. पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो.

माझे आजोबा हलगी वाजवायचे. गाव वाळवा तालुक्यातलं, नाव लिहीत नाही. जत्रा, लग्न, मयत, कुस्त्यांचं मैदान, सगळीकडं. हलगीचं कातडं गार पडलं की आवाज बसतो, म्हणून मध्ये मध्ये शेकायला लागते. गवत, कागद, मिळेल ते पेटवून त्यावर फिरवायची. ते काम माझं, मी सात-आठ वर्षांचा. किती शेकली म्हणजे पुरे, हे बोटाने टिचकी मारून बघायचं. जास्त झाली तर कातडं तडकतं आणि कानाखाली आवाज निघतो, हलगीचा नव्हे.

कुस्तीच्या मैदानात आजोबा पैलवानांच्या पायांकडं बघून वाजवायचे. खडाखडी चालू असताना सावकाश, पट काढला की चढं. लोक म्हणायचे कुस्ती रंगली. कुस्ती अर्धी आजोबांनी रंगवलेली असायची.

आता दुसरी बाजू. तुमच्या आठवणीत बँड आहे, बत्त्या आहेत. आमच्या आठवणीत जेवण आहे. सगळ्या पंगती उठल्यावर, मांडवाच्या मागं, खरकट्याच्या बाजूला. आजोबांना बक्षीस हातात कुणी दिलं नाही, फेकायचे. पायली-दोन पायली धान्य ओट्यावरनं खाली झोळीत. आणि वर 'काय वाजवतोस रे!' एकेरीतच, वय काही असो.

वडिलांनी हलगी हातात धरली नाही आणि मलाही धरू दिली नाही. डॉल्बी आला तेव्हा आमच्या आळीत निम्म्या लोकांना बरं वाटलं. मशीनला कुणी अरे-तुरे करत नाही.

मी बँकेत आहे. मला वाजवता येते. घरी दार लावून जेवणाच्या टेबलावर वाजवतो, बायको म्हणते शेजारचे काय म्हणतील.

सांगलीकर, तुमच्या वडिलांची इच्छा चांगली आहे. त्या १९७० च्या क्लॅरनेटवाल्याला त्या रात्री कुठं जेवायला बसवलं होतं, एवढं विचारून बघा.

मिरज_जंक्शन

यावर काय बोलावं ते सुचत नाही. लिहिलंत हे बरं केलंत.

वारणाकाठ

रेठरे हरणाक्ष तुमच्याच तालुक्यातलं. पठ्ठे बापूराव तिथले कुलकर्णी. वतनदाराचा पोरगा तमाशात उभा राहिला, तर जातीने त्याला टाकला. त्याची गोष्ट सगळे सांगतात. जे जन्मानेच फडात होते, त्यांच्या गोष्टीला कुणी विचारत नाही.

डेसिबल

@हलगीवाल्याचा_नातू, दादा, आमच्या पार्टीत हलगी घ्यायची आहे. चेष्टा नाही करत. टेबलावर वाजवण्यापेक्षा या की एकदा आष्ट्याला.

हलगीवाल्याचा_नातू

बघू. दिवाळीच्या सुट्टीत.

पुण्यातला_सांगलीकर

नातू, विचारलं.

दादांना विचारलं तर गप्प बसले. आईनं सांगितलं. गोठ्यापाशी बसवलं होतं. क्लॅरनेटवाला जेवला नाही, घरी पोरं आहेत म्हणून बांधून घेऊन गेला. आजीने जास्तीच्या चार बुंद्या टाकल्या, हे मात्र आईने आवर्जून सांगितलं. ५५ वर्षं झाली, बुंदी चार होती हे तिच्या लक्षात आहे. म्हणजे बाकीचंही लक्षात असणार.

पुढचं सांगतो. भडंगवाल्यांनी शागिर्दाचा नंबर दिला, बोलणं झालं. वय पन्नाशीचं, दिवसा रिक्षा चालवतात. बरोबर ढोलकी आणि एक पेटी आणतो म्हणाले. पैशाचं विचारलं तर 'तुम्हीच समजून द्या'. हे समजून द्या प्रकरण मला जमत नाही. काय करू?

आत्याबाई

समजून द्या म्हणजे समजून घ्या. वरातीला त्यांचा पूर्ण बँड किती घेतो ते विचारा. माणशी काढा, त्याच्या दुप्पट द्या. तीन तास बसून वाजवणं आणि रस्त्याने चालत वाजवणं यांत फरक आहे. निम्मे आधी द्या, म्हणजे पेटीवाल्याला ते शब्द देऊ शकतील.

कंदी_पेढा

वाजवणारा म्हणून सांगतो.

नारळ-टॉवेल-टोपी द्या, जरूर द्या, पण त्याला मानधन म्हणू नका. माझ्याकडे बावीस टॉवेल आहेत. पाकीट कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हातात द्या, नंतर यजमान सापडत नाही. पाव्हण्यांनी शंभराची नोट दिली म्हणून मध्येच माईकवर जाहीर करू नका, सूर तुटतो. आणि जेवण चालू असताना वाजवायला लावू नका. वाढप्याच्या 'जिलबी जिलबी'त आम्ही कधी संपलो ते आम्हालाच कळत नाही.

कृष्णाकाठची

आणि त्यांना आधी जेवायला घाला.

कंदी_पेढा

नको! तबलजीला चालेल, फुंकवाद्यवाल्याला आधी जेवण देऊ नका. भरल्या पोटी दम पुरत नाही. आधी चहा. जेवण नंतर, पहिल्या पंगतीत, घरच्यांच्या शेजारी.

हलगीवाल्याचा_नातू

+१

फुकट_सल्लागार

तारखेचं काय केलंत?

पुण्यातला_सांगलीकर

@फुकट_सल्लागार, तुमच्यामुळे दोन आठवडे पुढं ढकलली. भटजींचं गणितही तेच निघालं. आचाऱ्याने मात्र शिव्या घातल्या.

पुण्यातला_सांगलीकर

झाला कार्यक्रम. उशिरा लिहितोय, माफ करा.

भावाशी साउंडवरून वाजलं होतं. शेवटी तह असा झाला की साउंड येईल, पण दुसऱ्या दिवशी, त्याच्या मित्रांसाठी, आणि दहाला बंद. दहाला बंद झाला नाही. असो.

अंगणात सतरंज्या टाकल्या, माईक ठेवला नाही. @कृष्णाकाठची, तुमचं बरोबर होतं, पहिली पाच मिनिटं मागचे लोक 'आवाज येत नाही' म्हणाले, मग स्वतःच गप्प झाले. क्लॅरनेटवाल्यांनी सुरुवात पंढरीच्या अभंगाने केली, मग दोन नाट्यपदं, मग जुनी गाणी. मला वाटलं होतं दादा रडतील वगैरे. ते अजिबात रडले नाहीत. डोळे मिटून ताठ बसले होते, मध्येच डोळे उघडून शेजारच्या काकांना म्हणाले, "झोपू नको, नंतर माझ्या नावावर सांगशील." आणि अर्ध्या तासाने त्यांनी फर्माईश काय केली? त्यांच्या नातवाच्या फोनवर दिवसभर वाजतं ते गाणं! वादकांनी हसत हसत वाजवलं. पोरं नाचली. दादांनी हातावर ठेका धरला. मी आपला पंचावन्न वर्षांपूर्वीची वरात शोधत बसलो होतो.

खरी गंमत पुढं. भडंगवाले त्यांच्या मास्तरांना रिक्षात घालून घेऊन आले होते. मास्तर पुढच्या रांगेत, खुर्ची नको म्हणाले, सतरंजीवर बसले. पूर्ण वेळ तोंडावर काही नाही. वाजवणं संपल्यावर शागीर्द पाया पडायला आला, तर त्याच्या हातातनं क्लॅरनेट काढून घेतला, रीड सोडवली, मांडवातल्या बल्बसमोर धरली आणि म्हणाले, "मेलेली पत्ती हाय ही. हिच्यावर वाजवलंस तू?" पन्नाशीचा माणूस, मान खाली घालून, "व्हय मास्तर."

वाजवायला दिलं तर वाजवलं नाही. फक्त बोटं भोकांवर ठेवून बघितली, एकेक करून, सगळी. करंगळी पोचत नव्हती. परत देऊन टाकला.

पहिल्या पंगतीत दादांच्या उजवीकडे मास्तर, डावीकडे शागीर्द. आई स्वतः वाढायला उठली. बुंदीचे लाडू होते. तिने मास्तरांना चार वाढले. ते म्हणाले, बाई, मला शुगर आहे. ती म्हणाली, असू दे.

भडंगवाला

परत येताना रिक्षात सांगलीपर्यंत मास्तर एकच बोलले. "सूर जरा चढा लागत हुता त्याचा." थोडं पुढं आल्यावर परत तेच. मी म्हटलं, मग सांगायचं की त्याला. तर म्हणाले, "त्याला म्हाईत हाय."

काल दुकानावर गेलो तर मला विचारतात, रीड कुठं मिळते आता? पूर्वी मिरजेत मिळायच्या. मी म्हटलं कुणाला पाहिजे? उत्तर नाही, मशीन चालू.

मिरज_जंक्शन, तुमच्या गल्लीत मिळतील का?

मिरज_जंक्शन

आमची गल्ली तारांची, फुंकायचं सामान वेगळ्या दुकानात. मिळेल, बघतो. किती नंबरची? कमी नंबर मऊ, जास्त नंबर कडक. दोन का अडीच?

भडंगवाला

ते विचारलं नाही. उद्या विचारून सांगतो.

कंदी_पेढा

दात नसतील तर दोनची घ्या.

भडंगवाला

तीन नंबरची सांगितली आहे. आणि म्हणाले, दोनची आणलीस तर परत पाठवीन.